परदेशी साइटवरचा स्वस्त भाव: ऑर्डर देण्याआधी करायचा हिशोब

परदेशी साइटवर वस्तू स्वस्त दिसते, हे बहुतेक वेळा खरंच असतं. चुकतं ते आपलं मनातलं गणित. स्क्रीनवरच्या डॉलरचे रुपये केले, इथल्या दुकानातल्या किमतीतून ते वजा केले आणि उरलेली रक्कम खिशात पडली असं धरलं, की फसगत ठरलेली. वस्तू केवढ्याला दिसते आणि दारात येईपर्यंत केवढ्याला पडते, या दोन आकड्यांमध्ये विमानभाडं, कस्टम ड्युटी, जीएसटी, बँकेचं कमिशन आणि कुरिअर कंपनीचा आकार असे सगळे रांगेत उभे असतात. पुढे जे लिहिलंय ते दुसऱ्या आकड्यापर्यंत कसं पोहोचायचं आणि वाटेत कुठे जपायचं, यासाठी. मुख्यतः भारतात बसून बाहेरून मागवणाऱ्यांसाठी आहे. परदेशातल्या मराठी मंडळींसाठी मध्ये थोडं वेगळं लिहिलंय.

आधी हे समजून घ्या: तिकडे स्वस्त का असतं

कारण कळलं की कोणती वस्तू मागवण्यात अर्थ आहे ते आपोआप कळतं.

सर्वांत मोठं कारण म्हणजे मधले हात कमी. चीनच्या झेजियांग प्रांतातलं यीवू हे शहर म्हणजे बटणांपासून ख्रिसमसच्या माळांपर्यंत किरकोळ मालाची अवाढव्य घाऊक पेठ. शेन्झेनचं हुआचियांगबेई हे इलेक्ट्रॉनिक्सचं तसंच ठिकाण. तिथला विक्रेता कारखान्याच्या शेजारी बसून थेट तुम्हाला माल पाठवतो. तोच माल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतो तेव्हा त्यात आयातदाराचा नफा, घाऊकवाल्याचा नफा, दुकानाचं भाडं आणि न खपलेल्या मालाचा तोटा मिसळलेला असतो.

दुसरं कारण टपालाचं, आणि ते फारसं कुणी सांगत नाही. दोन डॉलरची वस्तू चीनमधून 'फ्री शिपिंग'ने जगाच्या दुसऱ्या टोकाला जायची, ती विक्रेत्याच्या उदारपणामुळे नव्हे. जागतिक टपाल संघाच्या नियमांत एका देशाचं टपाल दुसऱ्या देशाने घरपोच करण्याचा मोबदला ठरलेला असतो. त्यात विकसनशील देशांना सवलतीचा दर होता आणि चीनला त्याचा फायदा मिळत होता. अमेरिकेने संघातून बाहेर पडण्याची धमकी दिली. मग सप्टेंबर २०१९ मध्ये जिनिव्हाला विशेष अधिवेशन भरलं आणि देशांना स्वतःचा दर ठरवायची वाट मोकळी झाली. फुकट टपालाचा तो सुवर्णकाळ तिथून ओसरत गेला. आजही जुन्या आठवणींवर विसंबून 'तिकडून मागव, शिपिंग लागत नाही' असं सांगणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका.

तिसरं, स्थानिक कर. जपानमध्ये विक्रीवर १० टक्के उपभोग कर असतो, पण माल देशाबाहेर गेला तर तो लागत नाही. बाहेर माल पाठवणारी बरीच जपानी दुकानं तो वगळून भाव लावतात. आपल्याकडच्या एमआरपीत मात्र जीएसटी आधीच धरलेला असतो.

आणि चौथं कारण, जे माझ्या मते सर्वांत खरं आहे: काही ब्रँडचा भारतात एकच वितरक असतो, मागणी थोडी असते, मग तो म्हणेल ती किंमत. शाईपेनं, दुर्बिणी, चित्रकलेचे ब्रश, शिलाई मशीनचे सुटे भाग, जुन्या उपकरणाचं एखादं बंद झालेलं बटण. यातल्या काही गोष्टी तर इथे कोणत्याच भावाला मिळत नाहीत.

याची उलट बाजूही लक्षात ठेवा. चार्जर, केबल, मोबाइलचं कव्हर, एलईडीच्या माळा यांचे इथे कंटेनरच्या कंटेनर उतरतात. आयातदाराचं भाडं हजारो नगांत विभागलं जातं, तुमचं एका नगावर येतं. असल्या वस्तूंसाठी परदेशी साइट उघडूच नये. क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास एक फेरी मारलेली बरी.

कुठून मागवता येतं

इंटरनेटवरचे निम्मे सल्ले अलीएक्सप्रेस या चिनी खरेदी-साइटचे असतात. भारत सरकारने हे ॲप २४ नोव्हेंबर २०२० रोजी, इतर बेचाळीस ॲप्सबरोबर, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९ए कलमाखाली बंद केलं. व्हीपीएन (आपण कुठून जोडलोय ते लपवणारी सोय) लावून ऑर्डर देणारे आहेत, पण पैसे गेले आणि माल आला नाही तर तुम्ही कुणाकडे दाद मागणार? त्या वाटेला मी कुणाला जायला सांगणार नाही. शीन या कपडे विकणाऱ्या चिनी ॲपवर जून २०२० मध्येच बंदी आली होती. २०२५ मध्ये ते नाव रिलायन्सच्या हातून परत आलं, पण तो भारतातच बनवून विकला जाणारा माल आहे. त्याला परदेशी खरेदी म्हणता येणार नाही.

ईबेची भारतातली साइट २०१८ मध्ये बंद झाली, तरी मूळ अमेरिकन ईबेवरून भारतात माल पाठवणारे विक्रेते भरपूर आहेत. ॲमेझॉनच्या भारतीय साइटवरच 'ग्लोबल स्टोअर' आहे; नवख्याने सुरुवात तिथून करावी, कारण अंदाजे आयात शुल्क आधीच घेतलं जातं आणि प्रत्यक्षात कमी लागलं तर फरक परत मिळतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांसाठी डिजीकी आणि माउसर रुपयात भाव दाखवतात. जपानमधल्या ज्या दुकानांना भारतात पाठवायचं नसतं, त्यांच्याकडून बायी किंवा झेनमार्केटसारखे मध्यस्थ तुमच्यासाठी खरेदी करून पुढे पाठवतात. पुस्तकवेड्यांना बुक डिपॉझिटरी आठवत असेल. जगभर फुकट टपालाने पुस्तकं पाठवणारी ती साइट २६ एप्रिल २०२३ रोजी बंद झाली आणि तिची जागा घेणारं कुणी पुढे आलेलं नाही.

मध्यस्थाकडून मागवताना एक कलम नीट वाचा. मूळ विक्रेत्याची जबाबदारी मध्यस्थाच्या गोदामापाशी संपते. पुढे फुटलं तर विक्रेता म्हणणार, आम्ही तर धड पोहोचवलं होतं. शिवाय मध्यस्थ आणि कुरिअर दोघेही वजन दोन प्रकारे मोजतात: काट्यावरचं आणि आकारमानाचं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५,००० ने भागायचं. ४० बाय ३० बाय २० चं खोकं आत पिसं भरलेली असली तरी ४.८ किलोचं धरलं जातं. दोन्हींपैकी जे जास्त, त्याचे पैसे. म्हणून मोठी पण हलकी वस्तू, जसं उशी, खेळण्यातलं घर, हेल्मेट, कधीच परवडत नाही. मध्यस्थाला 'खोकं लहान करा' असं सांगता येतं, त्याचे थोडे पैसे लागतात, पण ते वसूल होतात.

मागवायला परवानगी आहे का

पैसे भरण्याआधीच हे पाहून घ्या. अडवलेल्या मालाचे पैसे विक्रेता देत नाही.

ड्रोनच्या आयातीवर ९ फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे. मुलासाठी स्वस्तातला मागवायचा विचार असेल तर सोडून द्या. ई-सिगारेट आणि तिचे भाग २०१९ च्या कायद्याने बंद. बियाणं आणि रोपं यांना आयात परवाना आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. दुर्मीळ ऑर्किडचं किंवा जपानी टोमॅटोचं दोनशे रुपयांचं पाकीट अडकतं ते याचमुळे. सॅटेलाइट फोन आणि सॅटेलाइटवरून संदेश पाठवणारी ट्रेकिंगची उपकरणं परवान्याशिवाय बाळगणंही महागात पडतं. सह्याद्रीत भटकणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं, कारण परदेशी ट्रेकर मंडळी या यंत्रांची बेफाम शिफारस करत असतात. वापरलेल्या वस्तूंची आयातही परराष्ट्र व्यापार धोरणात 'प्रतिबंधित' गटात मोडते, म्हणजे परवाना लागतो. त्यामुळे जुन्या लेन्स आणि सेकंडहँड घड्याळांच्या मोहात पडताना जोखीम तुमची.

लॅपटॉपचं मात्र उलट आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये आयातीवर बंधनं आली तेव्हा बराच गोंधळ उडाला, पण टपालाने किंवा कुरिअरने मागवलेल्या एका लॅपटॉपला परवान्यातून सूट आहे. ड्युटी भरावीच लागते.

परवानगी असली तरी वस्तू इथे चालेल का, हाही प्रश्न आहेच. जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्टची, अमेरिकेत १२०, आपल्याकडे २३०. मोबाइल-लॅपटॉपच्या चार्जरवर '१००-२४०' लिहिलेलं असतं, त्याला काही होत नाही. पण जपानी राइस कुकर किंवा अमेरिकन मिक्सर थेट आपल्या प्लगमध्ये लावला तर पहिलाच भात शेवटचा. ट्रान्सफॉर्मर घ्यायचा म्हटलं की तो वजनाला दगड आणि किमतीलाही जड, म्हणजे बचत गेलीच. वॉरंटीही बहुतेक ब्रँडची त्या देशापुरतीच असते.

आता हिशोब

टपालाने किंवा विमानाने स्वतःच्या वापरासाठी मागवलेल्या मालाला कस्टम्सच्या दरपत्रकात वेगळा गट आहे, क्रमांक ९८०४. कित्येक वर्षं त्यावर ३५ टक्के मूळ ड्युटी, त्या ड्युटीवर १० टक्के समाजकल्याण अधिभार आणि या सगळ्यावर २८ टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) असा हिशोब चालला. गुणाकार केला की शंभर रुपयांच्या मालावर ७७ रुपये २८ पैसे. स्वस्ताईचं सगळं अवसान तिथेच गळायचं.

आता चित्र बदललं आहे. सप्टेंबर २०२५ च्या जीएसटी फेररचनेत या गटाचा २८ टक्क्यांचा दर १८ वर आला, आणि मधल्या काळात ३५ वरून २० टक्क्यांवर आलेली मूळ ड्युटी २०२६-२७ च्या अर्थसंकल्पात १० टक्क्यांवर आणण्याची घोषणा झाली. दोन्ही मिळून शंभराला साधारण तीस-एकतीस रुपये पडतात. पूर्वीच्या निम्म्याहून कमी. आधी तोट्यात जाणाऱ्या बऱ्याच वस्तू आता काठावर आल्या आहेत, म्हणूनच हिशोब काळजीने करायला हवा. ऑर्डरच्या दिवशीचा दर आइसगेट या कस्टम्सच्या साइटवरच्या ड्युटी कॅल्क्युलेटरवर पाहून घ्या. जुन्या व्हिडिओंमध्ये जुनेच दर असतात.

ड्युटी लागते ती नुसत्या वस्तूच्या किमतीवर नाही, तर वस्तू अधिक भाडं अधिक विमा या रकमेवर. यात एक बारकावा आहे. विमानभाडं प्रत्यक्षात कितीही असलं तरी ड्युटीच्या हिशोबात ते वस्तूच्या किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त धरायचं नाही, असं कस्टम्सचे मूल्यांकन नियमच सांगतात. कुरिअरच्या कागदावर पूर्ण भाडं धरलेलं दिसलं तर विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

उदाहरण घेऊ. समजा, सोन्याच्या निबचं एक जपानी शाईपेन तिकडच्या दुकानात ९,००० रुपयांना आहे, कुरिअर २,००० रुपये, आणि तेच पेन पुण्यात अप्पा बळवंत चौकात १५,५०० ला मिळतंय. मनातलं गणित म्हणतं, साडेचार हजार वाचले.

कागदावर असं होतं. ड्युटीसाठी भाडं धरायचं १,८०० (९,००० चे २० टक्के), म्हणजे मूल्य १०,८००. विमा किरकोळ म्हणून सोडू. त्यावर ३० टक्क्यांनी ३,२४०. कार्डाने भरलेल्या ११,००० वर बँकेचं साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे परकी चलनावरचं कमिशन, ३८५, त्यावर १८ टक्के जीएसटी ६९, मिळून ४५४. कुरिअर कंपनी तुमच्या वतीने ड्युटी आधी भरते आणि त्याचा आकार लावते. तो जीएसटीसकट ६०० धरू. सगळी बेरीज १५,२९४ रुपये. वाचले किती? दोनशे सहा. त्यासाठी दोन आठवडे थांबा, निब घासत असेल तर बदलून मिळण्याची आशा सोडा, आणि दुकानात बसून कागदावर चार ओळी लिहून बघण्याचं सुखही सोडा. इथे मी डोळे मिटून अप्पा बळवंत चौकात जाईन.

तीच ऑर्डर एखाद्या मित्राबरोबर मिळून दिली तर? दोन पेनं १८,०००, भाडं दोन्हींचं मिळून समजा २,३००. मूल्य २०,३००, ड्युटी ६,०९०, कार्डाचं ८३८, कुरिअरचा आकार तोच ६००. एकूण २७,८२८, म्हणजे एक पेन १३,९१४ ला. आता प्रत्येकी जवळपास सोळाशे वाचतात. भाडं आणि आकार हे नगावर वाढत नाहीत, पार्सलवर लागतात. सगळी मेख तिथे आहे. मात्र दोनाची वीस करू नका. एकाच वस्तूचे अनेक नग दिसले की कस्टम्स ते विक्रीसाठी आणलेत असं धरतं, मग व्यापाऱ्यांना लागणारा आयात-निर्यात कोड वगैरे प्रकरण सुरू होतं.

उलट टोकाला, शे-दीडशेची छोटी वस्तू. सीमाशुल्क कायद्याच्या २५(६) कलमाप्रमाणे भरायची ड्युटी १०० रुपये किंवा त्याहून कमी असेल तर ती घेतली जात नाही. साध्या टपालाने येणाऱ्या छोट्या सुट्या भागांना त्याचा फायदा होतो. कुरिअरने मागवलं तर कुरिअरचा आकारच वस्तूपेक्षा जास्त.

विक्रेते कधी कधी आपणहून विचारतात, 'पार्सलवर गिफ्ट लिहू? किंमत कमी दाखवू?' नाही म्हणा. भेटवस्तूची ड्युटीमाफी डिसेंबर २०१९ मध्ये संपली, कारण चिनी साइट्स रोजचा माल भेट म्हणून ढकलत होत्या. आता माफी उरली आहे ती जीव वाचवणाऱ्या औषधांना आणि राखीला. तीही फक्त राखीला. तिच्यासोबत पाठवलेल्या चॉकलेटच्या डब्याला नाही. कमी किंमत दाखवलेला माल जप्त होऊ शकतो, दंड होतो, आणि पार्सल हरवलं तर भरपाई त्या दाखवलेल्या किमतीचीच मिळते.

अमेरिका-युरोपात राहत असाल तर

तुमचं गणित बरीच वर्षं सोपं होतं. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतचं पार्सल ड्युटीशिवाय यायचं. टेमू आणि शीन ही चिनी मालाची ॲप्स तिथे वाढली ती याच सवलतीवर. चीनच्या मालासाठी ती मे २०२५ मध्ये आणि सगळ्या देशांसाठी २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली. भारतीय टपाल खात्याने अमेरिकेची बहुतेक पार्सलं त्या आठवड्यात थांबवली आणि १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू केली, दिवाळी अगदी तोंडावर आलेली असताना. न्यू जर्सीतल्या कित्येक घरांत त्या वर्षीचा फराळ आईच्या हातचा नव्हता, दुकानातला होता. १०० डॉलरपर्यंतची खरीखुरी भेट अजूनही सवलतीत बसते, पण पैठणी मागवायची असेल तर ड्युटी विक्रेता भरणार की तुम्ही, हे आधी लिहून घ्या. ब्रिटनमध्ये १३५ पौंडांपर्यंत व्हॅट विक्रीच्या वेळीच घेतला जातो, त्यामुळे तिथे दारात धक्का कमी बसतो.

पैसे भरताना

तुमच्या कार्डावर परदेशी ऑनलाइन व्यवहार बहुधा बंद असेल. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ ऑक्टोबर २०२० पासून नवीन कार्ड देशातल्या एटीएम आणि दुकानांपुरतंच चालू मिळतं. बाकीचं बँकेच्या ॲपमधून स्वतः सुरू करावं लागतं. सुरू करा, मर्यादा ऑर्डरपुरती ठेवा, पैसे गेले की पुन्हा बंद करा. परदेशी साइटवर अनेकदा ओटीपी मागितलाच जात नाही, कार्डाचा नंबर पुरेसा असतो. म्हणून ही सवय लावूनच घ्या.

साइट विचारते, 'रुपयात भरणार की डॉलरमध्ये?' रुपये ओळखीचे वाटतात, पण तो दर साइटने स्वतःच्या सोयीने लावलेला असतो आणि काही बँका रुपयातल्या परदेशी व्यवहारावरही वेगळं शुल्क लावतात. विक्रेत्याच्या चलनातच भरा. मार्कअप शून्य किंवा एक-दोन टक्के असलेली क्रेडिट कार्डं मिळतात. वर्षातून चार-पाच वेळा मागवणार असाल तर तेवढ्यासाठी एक घ्यायला हरकत नाही. डेबिट कार्डापेक्षा क्रेडिट कार्ड बरं, कारण माल आलाच नाही तर बँकेकडे व्यवहारावर हरकत घेता येते. विक्रेता साइटच्या बाहेर, थेट बँक खात्यात पैसे मागत असेल तर गप्पा तिथेच थांबवा.

विक्रेता पारखणं

तारे किती आहेत ते दुय्यम. वाईट अभिप्राय वाचा, आणि त्यातही गेल्या सहा महिन्यांतले. 'उशिरा आलं' याकडे दुर्लक्ष करता येतं. 'वेगळीच वस्तू आली', 'उत्तर देत नाही' याकडे नाही. भारतातल्या ग्राहकाचा अभिप्राय सापडला तर सोनं. खोडलेल्या जुन्या किमतीकडे आणि 'फक्त दोन शिल्लक' या सूचनेकडे बघू नका. वर्णनातली मापं सेंटिमीटरमध्ये शोधा. कपडे आणि बूट यांचे एल, एक्सएल किंवा नंबर देशोदेशी वेगळे. वस्तूचा मॉडेल क्रमांक ब्रँडच्या मूळ साइटवर जाऊन पडताळा. आणि ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याला एक साधा प्रश्न पाठवा, खोक्यात बॅटरी आहे का एवढाच. लिथियम बॅटरीची पार्सलं टपालात वारंवार अडतात, म्हणून प्रश्न खरा आहे. आणि तो उत्तर कसं देतो यावरून माणूस कळतो.

पत्ता, केवायसी आणि ट्रॅकिंग

नाव आधारवर किंवा पॅनवर आहे तसंच लिहा. 'बंडू जोशी' नावाने मागवलं आणि कागद 'श्रीकांत जोशी'चे दिले की पार्सल मुंबई विमानतळावर बसून राहतं. कुरिअरने येणाऱ्या मालाला केवायसी, म्हणजे तुमच्या ओळखीचा पुरावा, लागतं, ते कंपनीच्या स्वतःच्या पोर्टलवरच अपलोड करा, व्हॉट्सॲपवर आलेल्या नंबराला पाठवू नका. आधार द्यायचंच तर चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या. मोबाइल नंबर +९१ सकट, पिनकोड बिनचूक. गावाकडचा पत्ता असेल तर जवळचं पोस्ट ऑफिस आणि तालुका लिहा. 'मारुतीच्या देवळामागे' हे पोस्टमनला कळतं, कुरिअरच्या संगणकाला कळत नाही.

टपालाच्या पार्सलचा नंबर जगभर एकाच साच्याचा असतो: दोन इंग्रजी अक्षरं, नऊ आकडे, आणि शेवटी पाठवणाऱ्या देशाची दोन अक्षरं. याव्यतिरिक्त काही असेल तर तो विक्रेत्याचा किंवा खासगी कुरिअरचा नंबर असतो, आणि इंडिया पोस्टच्या साइटवर तो दिसणार नाही. पाठवल्यानंतर आठ-दहा दिवस काहीच हालचाल दिसत नाही, यात घाबरण्यासारखं काही नाही.

कस्टम्समध्ये अडकलं तर

आपल्या भागात टपालाने येणारा बराच माल मुंबईत बॅलार्ड इस्टेटच्या विदेश डाक भवनातून जातो. तिथे अधिकाऱ्याला किंमत पटली नाही किंवा वस्तू काय आहे ते कळलं नाही तर पत्र येतं. उत्तरात तीन कागद द्या: विक्रेत्याचं बिल, कार्डाच्या स्टेटमेंटमधली त्या व्यवहाराची ओळ, आणि साइटवरच्या वस्तूच्या पानाची प्रत. सोबत दोन ओळी, ही वस्तू मी अमुक कामासाठी स्वतःच्या वापराला मागवली आहे. भावनिक लिहू नका, रागाने तर अजिबात नाही. लवकर उत्तर द्या, कारण कुरिअरच्या गोदामात मुदतीनंतर दिवसाचं भाडं चढतं.

ड्युटी इतकी लागली की वस्तूच नकोशी झाली, तर सीमाशुल्क कायद्याच्या कलम २३(२) खाली, माल सोडवण्याचा आदेश निघण्याआधी, तुम्ही मालावरचा हक्क लेखी सोडू शकता. मग ड्युटी भरावी लागत नाही. वस्तूचे पैसे अर्थात गेले. सोडवून घेतल्यावर परत पाठवून ड्युटीचा परतावा मागण्याचा मार्ग कायद्यात आहे, पण सामान्य माणसाने तीन-चार हजारांसाठी त्या वाटेला जाऊ नये.

याच टप्प्यावर चोर टपलेले असतात. 'तुमचं पार्सल पत्ता अपुरा असल्याने थांबलं आहे, २५ रुपये भरा' असा इंडिया पोस्टच्या नावाचा मेसेज येतो. पंचवीस रुपये हा बहाणा, हवा असतो तुमचा कार्ड नंबर. दुसरा प्रकार फोनचा: 'कस्टम्समधून बोलतोय, पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत.' कस्टम्स फोन करून खासगी खात्यात किंवा यूपीआयवर पैसे मागत नाही. खऱ्या पत्रावर दस्तऐवज ओळख क्रमांक असतो, आणि तो केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या साइटवर पडताळता येतो. मेसेजमधल्या लिंकवर बोट न ठेवता ट्रॅकिंग नंबर स्वतः टाकून बघा.

पार्सल हातात आल्यावर

टेप कापण्याआधी व्हिडिओ सुरू करा. सुरुवातीला पत्त्याचं लेबल स्पष्ट दिसू द्या, मग खोक्याच्या सहाही बाजू, मग एका सलग शॉटमध्ये उघडणं आणि वस्तू चालवून दाखवणं. मध्ये व्हिडिओ थांबवला की त्याची किंमत गेली. वस्तू सदोष निघाली तर तक्रार साइटच्याच संदेशपेटीतून करा, ईमेलवर नको. ईबेवर माल मिळाल्यापासून साधारण ३० दिवसांत दावा करावा लागतो. विक्रेता 'थोडं थांबा, नवीन पाठवतो' म्हणत मुदत संपवत असेल तर मुदतीच्या आत दावा टाकूनच थांबा. परत पाठवण्याचा खर्च बऱ्याचदा वस्तूएवढाच येतो, त्यामुळे 'वस्तू ठेवून घेतो, निम्मे पैसे परत द्या' हा सौदा करून बघा. बहुतेक विक्रेते मानतात.

आणि कुणी ओळखीचं येणार असेल तर हा सगळा खटाटोप वाचतो. परदेशाहून येणाऱ्या भारतीय रहिवाशाला सामानात ड्युटीशिवाय माल आणण्याची मर्यादा २०१६ च्या नियमांत ५०,००० रुपये होती, ती २०२६ च्या नव्या नियमांत ७५,००० झाली; अठरा वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप त्याच्या वर वेगळा चालतो. वस्तू त्यांच्या तिथल्या पत्त्यावर निदान आठवडाभर आधी पोहोचेल अशी मागवा आणि बिलाची प्रत त्यांच्या फोनमध्ये असू द्या. वजन आधी विचारा, कारण परतीच्या बॅगेत त्यांना आपल्या आईचं लोणचं न्यायचं असलं तरी इकडे येताना बॅग रिकामी असतेच असं नाही.